आरसीवर आठ, चेसिसवर बी: अमळनेरच्या एका गाडीचं प्रकरण

अमळनेरला माझं टू-व्हीलरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. गिऱ्हाईक नुसतं गाडीचं नाव सांगून कार्बोरेटर मागतं तेव्हा मी आधी चेसिस नंबर विचारतो, कारण एकाच नावाच्या गाडीत दोन-तीन वर्षांनी आतले पार्ट बदललेले असतात, टाकीवरच्या स्टिकरवरून ते कळत नाही, नंबरावरून कळतं. त्यामुळे हे नंबर वाचायची सवय आहे. खाली जे प्रकरण लिहितोय ते पूर्ण लिहितोय कारण अशीच अडचण आपल्या भागात बऱ्याच जुन्या गाड्यांना येणार आहे, आणि त्यावर जो इलाज बाहेर सर्रास सुचवला जातो तो माणसाला जेलपर्यंत नेऊ शकतो.

गाडी आप्पांची. आप्पा धरणगाव रोडवरच्या एका खेड्यातले, कापूस-मक्याचे शेतकरी, वय सत्तरीच्या पुढे. गाडी शंभर सीसीची हिरो होंडा, नोंदणी मे २०११ ची. पहिला मालक दुसऱ्या जिल्ह्यातला, नात्यातलाच, त्याच्याकडून आप्पांनी घेतली आणि रीतसर नावावर करून घेतली. नंतर शेतात-गावात वर्षानुवर्षं चालवली, कधी कोणी काही विचारलं नाही. टू-व्हीलरची आरसी पंधरा वर्षं चालते, मुदत संपायच्या आधी साठ दिवसांत रिपासिंगचा, म्हणजे नोंदणीच्या नूतनीकरणाचा, अर्ज करता येतो, म्हणून भाच्याने अर्ज भरला आणि तालुक्याच्या आरटीओ कॅम्पला गाडी नेली. इन्स्पेक्टर साहेबांनी हँडलखालचा नंबर वाचला, आरसी पाहिली, परत वाकून वाचलं आणि म्हणाले की नंबर जुळत नाही, आरसीवर दहाव्या जागी आठ आहे आणि गाडीवर मला बी दिसतोय, हे आधी क्लिअर करा मग पासिंग.

आता बाकी सोळा अक्षरं तंतोतंत तीच. पण कॅम्पला जमलेल्या लोकांनी तेवढ्यात निकाल लावून टाकला. कोणी म्हणे चेसिस बदललेली आहे, कोणी म्हणे गाडी चोरीची, कोणी म्हणे आता जप्त होणार. भाच्याने तिथेच मोबाईलवर एका परदेशी साईटवर गाडीचा नंबर टाकला तर लाल अक्षरात आलं की नंबर चुकीचा आहे, त्याने पोरगा अजून घाबरला. दोघे थेट दुकानावर आले. आप्पा बसले पण नाहीत, उभ्या उभ्याच विचारलं, "भाऊ, गाडी चोरीनी शे का?" ज्या माणसाने आयुष्यात कोणाच्या बांधावरची काडी उचलली नाही त्याला हा प्रश्न विचारावा लागतो याचं मला फार वाईट वाटलं, आणि त्या क्षणी त्यांना धीर देण्यापेक्षा नंबर नीट वाचणं जास्त गरजेचं होतं.

सगळ्यात आधी गाडीचा नंबर. मोटरसायकलवर तो हँडलच्या खाली चेसिसचा जो जाड पाइप असतो त्यावर ठोकलेला असतो, बहुतेक गाड्यांना उजव्या बाजूला, हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की दिसतो. तिथे ऑइल, धूळ, शेतातली माती असं थर बसलेलं होतं. ते जुन्या टूथब्रशने आणि थोड्या केरोसीनने काढलं. इथे एक गोष्ट जीव तोडून सांगतो, तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर त्या जागी मारू नका, कारण घासलेला पत्रा चमकतो आणि तपासणाऱ्याला वाटतं की नंबराशी छेडछाड झाली आहे, तुम्ही नुसतं साफ करत होतात हे मग कोणाला पटवणार. साफ झाल्यावर वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली. शोरूमला नवीन गाडीच्या वेळी पेन्सिल प्रिंट काढतात तशीच. डोळ्याला पत्र्यावर जे कळत नाही ते प्रिंटवर कळतं, सावलीचा घोळ राहत नाही.

आता प्रिंटवर दहाव्या जागी काय आहे, आठ की बी? यासाठी भिंग नको आणि अंदाजही नको, कारण त्याच नंबरात दोन्ही नमुने होते. दुसरं अक्षर बी आहेच, आणि शेवटच्या पाच आकड्यांत एक आठ होता. कारखान्यात एका नंबराची सगळी अक्षरं एकाच साच्यातली असतात. आठच्या दोन्ही बाजूंना कंबर असते, डावीकडूनही तो आत वळतो, बीची डावी बाजू सरळ उभी रेघ असते आणि वरचा-खालचा कोपरा काटकोनात असतो. दहावं अक्षर दुसऱ्याशी जुळलं, आठशी नाही. म्हणजे साहेबांनी बरोबर वाचलं होतं. अक्षरांची खोली सगळीकडे सारखी, अंतर सारखं, एका ओळीत, ग्राइंडरचा ओरखडा कुठे नाही, कंपनीचा काळा रंग अक्षरांच्या खोबणीत तसाच बसलेला. पंच बदललेला नंबर असा दिसत नाही, तिथे पत्रा खोल गेलेला असतो, अक्षर वरखाली असतं किंवा जुन्या अक्षराची कड नव्याखालून डोकावते.

मग अर्थ लावायचा. सतरा अक्षरी नंबराची रचना जगभर एकाच आयएसओ मानकावर आहे, आपल्याकडे त्यासाठी एआयएस ०६५ हे भारतीय मानक आहे. त्यात आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात, म्हणून कुठल्या कागदावर चेसिस नंबरात ओ दिसला तर तो शून्यच आहे असं धरून चालायचं. पहिली तीन अक्षरं कंपनीची. एमबीएल म्हणजे हिरो, एमडी२ बजाज, एमडी६ टीव्हीएस, एमई४ होंडाच्या दुचाकी, चारचाकीत एमए३ मारुती, एमए१ महिंद्रा, एमएटी टाटा. आप्पांची गाडी एमबीएलने सुरू होते. पुढची अक्षरं मॉडेल-इंजिनची, ती कंपनी कंपनीप्रमाणे, माझ्या कामाला तीच लागतात. दहावं अक्षर वर्षाचं. २००१ ते २००९ ला १ ते ९ आकडे, २०१० ला ए, २०११ ला बी, २०१२ ला सी, असं पुढे, आणि त्यात आय-ओ-क्यू शिवाय यू आणि झेडही वगळतात. महिना कुठे लिहायचा ते कंपनीनुसार बदलतं, या गाडीत तो बाराव्या जागी होता, डी, म्हणजे एप्रिल.

आता बघा. पत्रा म्हणतो बी आणि डी, म्हणजे एप्रिल २०११ ला बनली. नोंदणी मे २०११. अगदी जशी नवी गाडी शोरूमला येते आणि विकली जाते तसं. आरसीवरचा आठ धरला तर गाडी २००८ ला बनली आणि तीन वर्षं कुठेतरी पडून राहून २०११ ला नवी म्हणून नोंदली गेली असं होतं, शंभर सीसीच्या गाडीला त्या काळात गिऱ्हाईक थांबलेलं असायचं, ती तीन वर्षं गोडाउनला कोण ठेवेल. आणि गंमत नाही, खरंच महत्त्वाचं सांगतो, त्याच आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष वेगळ्या रकान्यात छापलेला होता, ०४/२०११. म्हणजे आरसी स्वतःच स्वतःच्या विरुद्ध बोलत होती, फक्त दोन रकाने शेजारी ठेवून कोणी वाचले नव्हते.

वर्षाची अक्षरं तीस वर्षांनी परत येतात हेही लक्षात ठेवायला लागतं, बी म्हणजे १९८१ सुद्धा होतो. पण हिरो होंडा कंपनीच १९८४ ला सुरू झाली, तेव्हा तो प्रश्न इथे येत नाही.

परदेशी साईटने नंबर चुकीचा का म्हटलं याचंही उत्तर भाच्याला नीट दिलं, कारण या एका कारणाने लोक विनाकारण घाबरतात. अमेरिकेत नवव्या जागी तपासणीचा आकडा सक्तीचा आहे. बाकी अक्षरांना ठरलेल्या किमती आणि वजनं देऊन बेरीज करतात, अकराने भागतात, जी बाकी राहील ती नवव्या जागी, बाकी दहा आली तर तिथे एक्स. आपल्याकडे ही सक्ती नाही, नवव्या जागी कंपनी स्वतःचं मॉडेलचं अक्षर ठेवते. त्यामुळे तिकडच्या साईटला आपली शोरूममधून कालच निघालेली गाडीसुद्धा खोटी वाटू शकते.

आणि इथेच मला या प्रकरणाचं मूळ दिसतं. भाच्याला म्हटलं तुझ्या मोबाईलवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाब. पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख नंबर, आला. त्यातले पहिले आठ मॉडेलचे, पुढचे सहा त्या एका हँडसेटचे आणि शेवटचा एक फक्त तपासणीचा. उजवीकडून दर दुसरा आकडा दुप्पट करायचा, दुप्पट दोन आकडी झाली तर तिचे आकडे मिळवायचे, सगळ्यांची बेरीज दहाने पूर्ण भागली गेली पाहिजे. कागदावर करून दाखवलं, बरोबर आली. मग एक आकडा मुद्दाम बदलला, बेरीज बिघडली. कुठलाही एक आकडा चुकला तरी हा हिशोब पकडतोच. म्हणजे दहा हजाराच्या मोबाईलच्या नंबरात टायपिंगची चूक लगेच उघडी पडते आणि आपल्या गाडीच्या चेसिस नंबरात ती पंधरा वर्षं झोपून राहते, कारण कॉम्प्युटरला ती ओळखायला काही साधनच दिलेलं नाही. त्यात भर म्हणजे सरकारी ॲपवर गाडी जोडायची तर चेसिसचे शेवटचे थोडेच आकडे मागतात, आप्पांनी एचएसआरपी पाटी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, बुक केली तेव्हाही शेवटचे पाचच लागले. चूक होती दहाव्या जागी. पाटी आली, लागली, कुठे काही अडकलं नाही. विमा कंपनी आरसी बघून पॉलिसी छापते, म्हणजे पॉलिसीवरही आठ. उद्या मोठा अपघात झाला असता आणि सर्व्हेअरने चेसिस तपासली असती तर क्लेम अडकला असता, आणि त्या वेळी हे सगळं सिद्ध करायला आप्पा धावपळ करायच्या स्थितीत असते की नाही देव जाणे.

आता तो इलाज ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं. कॅम्पच्या बाहेर एका एजंटने भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की एवढं काय, बीवर आठ पंच करून देतो, किंवा ग्राइंडर मारून त्या जागी नवा आठ ठोकू, दहा मिनिटांचं काम, पुढच्या कॅम्पला पासिंग. ऐकायला सोपं वाटतं, आरसीशी नंबर जुळतो, साहेब खूश. पण याचा अर्थ काय होतो ते समजून घ्या. आत्तापर्यंत गाडी खरी होती आणि कागद चुकला होता. पंच मारल्यावर गाडी खोटी होते आणि कागद चुकलेलाच राहतो. चेसिसवर फेरफार दिसला की पोलीस गाडी ताब्यात घेतात, आणि मग तुमच्याकडे दाखवायला खरा नंबर उरलेलाच नसतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ चोरीच्या मालाबद्दल आहे, चोरीचा आहे असं मानायला कारण असताना माल बेइमानीने जवळ ठेवला तरी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि घासलेली चेसिस हे पोलिसांना तसं मानायला पहिलं कारण. निर्दोष माणूस स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध पुरावा तयार करतो.

आणि घासून नंबर जातो हा पण भ्रम आहे. पंच मारताना पत्रा फक्त वरून दबत नाही, अक्षराच्या तळाच्या खालचं लोखंडही दाबलं जाऊन आतून त्याची ठेवण बदलते. वरचा थर घासला तरी ती खालची दबलेली जागा राहते. फॉरेन्सिकवाले पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर तांब्याचं क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं मिश्रण फिरवतात, दबलेली जागा आणि शेजारची जागा ॲसिडला वेगवेगळी दाद देतात आणि गेलेलं अक्षर परत उमटतं. नाशिकला प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे, आपल्याकडून लांब नाही. आप्पांच्या गाडीवर आठ ठोकला असता तर तिथे खालून बीच निघाला असता.

भाचा तयार झाला होता हे खरं, वीस-बावीस वर्षांचा पोरगा, मामा रडवेले झालेले बघवत नव्हते. त्याला म्हटलं पत्र्याला हात लावायचा नाही, कागद दुरुस्त करायचा, वेळ लागेल पण तोच रस्ता.

मग पुरावे गोळा केले. पहिला पुरावा इंजिन नंबर. या गाड्यांचा तो डाव्या बाजूला खाली क्रँककेसवर असतो, आणि त्यातही वर्ष-कारखाना-महिन्याची तीन अक्षरं असतात. आप्पांच्या इंजिनवर होतं बीएचडी. आणि आरसीवर इंजिन नंबर अगदी बरोबर छापलेला होता, बीएचडीसकट. म्हणजे एकाच आरसीवर इंजिनच्या नंबरात बी आणि चेसिसच्या नंबरात त्याच तीन अक्षरांत ८एचडी. याहून स्वच्छ पुरावा मला तरी सुचत नाही. दुसरा, साइड पॅनल आतून बघितलं. प्लास्टिकच्या पार्टवर साच्यातच घड्याळासारखा गोल असतो, मधे वर्ष आणि बाणाने महिना, तिथे ११ होतं. हा पुरावा कार्यालयात कोणी मागत नाही पण आपली खात्री होते. टायरवरच्या चार आकड्यांचा इथे उपयोग नव्हता, ते आठवडा आणि वर्ष सांगतात, ३४२२ म्हणजे २०२२ चा चौतिसावा आठवडा, पण टायर बदललेले होते आणि तो नंबर टायरचं वय सांगतो, गाडीचं नाही.

खरं काम झालं पहिल्या मालकाच्या घरी. आप्पांनी फोन केला, तिकडच्या वहिनींनी लोखंडी पेटीतून जुनी फाईल काढली, त्यात शोरूमचं बिल, फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, फॉर्म २२ म्हणजे गाडी रस्त्यावर चालायला योग्य असल्याचा कंपनीचा दाखला आणि पहिल्या वर्षाची पॉलिसी. चारही कागदांवर दहाव्या जागी बी. ज्या बाईने पंधरा वर्षं त्या फाईलला वाळवी लागू दिली नाही तिचे आभार मानावे तेवढे थोडे. म्हणजे शोरूमपासून गाडी बरोबर निघाली होती, चूक झाली ती नंतर कुठेतरी, रजिस्टरवरचं कॉम्प्युटरवर चढवताना. बॉलपेनने लिहिलेला बी घाईत आठ वाचला जातो.

यासोबत एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, पोर्टलवर गाडीची चौकशी केली, तिथे गाडी नंबर, चेसिस, इंजिन टाकून चोरीची नोंद आहे का ते बघता येतं आणि दाखला निघतो. बीवाला आणि आठवाला असे दोन्ही नंबर टाकून बघितले. दोन्हींवर काही नाही. हे करायलाच पाहिजे, कारण आठवाला नंबर दुसऱ्या कुठल्या खऱ्या गाडीचा असू शकतो आणि ती चोरीला गेलेली असली तर भलतंच प्रकरण गळ्यात पडतं.

अर्ज साध्या मराठीत लिहिला. गाडीवर काय आहे, आरसीवर काय आहे, कितवं अक्षर, कुठल्या कागदावर काय, सगळं एका पानात. सोबत पेन्सिल प्रिंट, नंबराचा जवळून आणि संपूर्ण गाडीसकट असे फोटो, जुने चार कागद, एनसीआरबीचा दाखला, आप्पांचं प्रतिज्ञापत्र. भाच्याला सांगितलं की "गाडीत दुरुस्ती" असा शब्द कुठेही येऊ द्यायचा नाही, "नोंदीत दुरुस्ती" लिहायचं. ज्या साहेबांनी गाडी थांबवली होती त्यांनीच अर्ज वाचून स्वतः परत गाडी बघितली आणि शेरा दिला की चेसिस मूळ आहे, फेरफार नाही. त्यांनी कॅम्पला डोळेझाक करून पासिंग दिलं असतं तर ही चूक अजून पाच वर्षं तशीच पुढे गेली असती, म्हणून मला त्या माणसाबद्दल मनापासून आदर आहे. मग पहिली नोंदणी जिथे झाली त्या कार्यालयाकडून जुन्या रजिस्टरचा उतारा मागवला गेला. यात वेळ गेला, मधे दिवस असे गेले की फाईल कुठे आहे तेच कळेना, भाचा चकरा मारत राहिला, कापूस वेचणीच्या दिवसांतसुद्धा. उतारा आला त्यात हाताने लिहिलेला बी स्पष्ट होता.

तोपर्यंत गाडी घरी उभी ठेवायला सांगितली होती, आप्पा एसटीने आणि शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर जात होते. कोणी म्हणेल एवढं काय, शेतात तर चालवायची. पण आरसीची मुदत संपली होती आणि नंबराचा वाद चालू होता, अशात एखादा माणूस ठोकला गेला असता तर विमा उभा राहील याची खात्री नव्हती.

दरम्यान दुकानावर आलेल्या बऱ्याच शेतकऱ्यांनी आपापल्या आरसी काढून बघितल्या. त्यांच्यातल्या एकाच्या आरसीवर चेसिस नंबरात शून्याच्या जागी ओ निघाला, त्यालाही अर्ज करायला लावला. ज्यांच्या गाडीची पंधरा वर्षं भरत आली आहेत त्यांनी मुदतीच्या महिन्यात नाही, आत्ताच सतराच्या सतरा अक्षरं पत्र्याशी ताडून बघा, शेवटचे पाच जुळले म्हणून थांबू नका. आणि नंबर खरंच गंजून गेला असेल तर तो आरटीओच्या लेखी परवानगीने आणि त्यांच्या देखरेखीतच परत पंच होतो, गल्लीतल्या पंचवाल्याकडे जायचं नाही.

नोंद दुरुस्त झाली, पर्यावरण कर भरला, रिपासिंग झालं आणि नवी आरसी पोस्टाने आली. दहाव्या जागी बी. आप्पांनी ती दोनदा बोट फिरवून वाचली आणि भाच्याला म्हणाले, "आते इन्शुरन्सवालाले बी दखाड." विम्याचं काम त्यानंतर केलं, नव्या आरसीची झेरॉक्स लावून दुरुस्तीचा अर्ज दिला, पॉलिसीवर शेरा मारून मिळाला, आणि जुने चार कागद वहिनींच्या घरी परत न पाठवता आता गाडीच्या मालकाकडे, म्हणजे आप्पांकडेच ठेवले आहेत.